छऱ्याची बंदूक आणि बागेतला उपद्रव: एअरगन हातात घेण्याआधी

गेल्या मे महिन्यात पुतण्याने मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. इंग्लंडमधलं कुठलंसं शेत, रात्रीची वेळ, धान्याचं कोठार. दुर्बीण लावलेली एअरगन घेऊन एक माणूस दबा धरून बसलाय आणि एकेक उंदीर टिपतोय. पुढच्या व्हिडिओत तोच माणूस झाडावरची करडी खार पाडतो. "काका, आपण का नाही आणायची? परवानासुद्धा लागत नाही." त्याच आठवड्यात वानरांच्या टोळीने आमच्या दोन माडांखाली कोवळ्या नारळांचा सडा पाडला होता. त्यातला एकही धड खाल्लेला नव्हता. पोराचा राग अगदी खरा होता.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात हा विषय आज घरोघरी आहे. वानर, माकडं, रानडुक्कर, शेकरू यांनी बागायतदार मेटाकुटीला आलाय आणि दुकानात एअरगन सहज मिळते. कॉलेजात असताना मी क्लबात दहा मीटरची रायफल चालवली आहे आणि आमच्या कोठारात एक जुनी छऱ्याची बंदूक आजही आहे. म्हणून पुतण्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

दारू नाही, मग छर्रा सुटतो कसा?

सायकलचा पंप आठवा. त्याचं तोंड बोटाने दाबून दट्ट्या जोरात ढकलला की आतली हवा बोटाला रेटते. एअरगन म्हणजे हाच पंप, फक्त दट्ट्या ढकलायला आत जाड स्प्रिंग असते. नळी बिजागरीवर वाकवून खाली ओढली की स्प्रिंग दाबली जाऊन अडकून बसते. चाप ओढला की ती सुटते, दट्ट्या पुढे धावतो, समोरची हवा क्षणात दाबली जाते आणि तिच्यापुढे बसलेला शिशाचा छर्रा नळीबाहेर पडतो. महागड्या बंदुकीत स्प्रिंगऐवजी दाबून भरलेल्या हवेची टाकी असते. तिला पीसीपी म्हणतात. धक्का कमी, त्यामुळे नेम चांगला लागतो. इंग्लंडच्या व्हिडिओंत दिसते ती बहुधा हीच.

एअरगनबद्दलचे कायदे एकाच गोष्टीभोवती फिरतात: नळीतून सुटताना छऱ्याच्या अंगी किती जोर असतो. इंग्रजीतलं नाव मझल एनर्जी, मोजमाप जूलमध्ये. आपण नुसतं जोर म्हणू. हा जोर किती? एक किलोचा नारळ डोक्याच्या जरा वरून, म्हणजे दोन मीटरवरून खाली सोडला तर जमिनीवर आपटताना त्याच्यात साधारण २० जूल असतात. छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, पण सेकंदाला अडीचशे मीटरच्या आसपास धावतो, त्यामुळे त्याच्याही अंगी जवळपास तेवढाच जोर येतो. तो साडेचार मिलिमीटरच्या टोकावर एकवटला की कातडी फुटते. उलट बाजूने पाहिलं तर शिकारीच्या बारा बोअर बंदुकीच्या काडतुसाचा जोर दोन हजार जूलच्या वर जातो. म्हणजे छऱ्याच्या शंभरपट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे रानडुकराची गोष्ट निघेल तेव्हा लागेल.

परवाना लागत नाही, म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे शस्त्र नियम, २०१६ लागू आहेत. नळीचा व्यास ०.१७७ इंचापर्यंत, म्हणजे साडेचार मिलिमीटरपर्यंत, आणि जोर २० जूलपर्यंत असेल तर शस्त्र परवाना लागत नाही. यातली एक मर्यादा जरी ओलांडली तरी लागतो. बाहेरून मागवलेली ०.२२ इंची एअरगन किंवा मेकॅनिककडून जास्त ताकदीची स्प्रिंग घालून घेतलेली बंदूक लगेच दुसऱ्या रकान्यात जाते. हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

ब्रिटनमध्ये ही रेघ आपल्याहून खाली आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये रायफलला १२ फूट-पाउंड, म्हणजे साधारण १६ जूल. त्याच्या वर गेलात की पूर्ण बंदूक परवाना. स्कॉटलंडमध्ये तर २०१६ च्या अखेरीपासून साध्या एअरगनलाही परवाना लागतो. ब्रिटनमध्ये १८ वर्षांखालच्याला एअरगन विकत मिळत नाही आणि घरातल्या मुलांच्या हाती ती लागणार नाही याची काळजी घेणं मालकावर कायद्यानेच बंधनकारक आहे. आपली जागा सोडून पलीकडच्याच्या जागेत परवानगीशिवाय छर्रा गेला तर तोही तिथे गुन्हा ठरतो. व्हिडिओत यातलं काहीच दिसत नाही.

आपला परवाना-माफीचा नियम बंदूक बाळगण्यापुरता आहे. तिने कोणावर नेम धरायचा हे दुसरे कायदे ठरवतात. मोटार चालवायचा परवाना हातात आहे म्हणून कोणी शेजाऱ्याच्या भातात गाडी घालत नाही.

कमी जोराची, म्हणजे निर्धोक ना?

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. मी एकदा बिस्किटांचा रिकामा खोका घेऊन परसात पाहणी केली होती. साधी स्प्रिंगची बंदूक, दुर्बीण नाही, प्रत्येक अंतरावरून पाच-पाच छर्रे. दहा मीटरवरून पाचही भोकं एका मोठ्या नाण्याखाली झाकली गेली. पंचवीस मीटरवरून ती चहाच्या बशीएवढ्या जागेत पसरली. चाळीस मीटरवरून दोन छर्रे खोक्यालाच लागले नाहीत. त्यातला एक मागच्या जांभ्याच्या गडग्यावर आपटून कुठे गेला ते शेवटपर्यंत सापडलं नाही. तो न सापडलेला छर्रा माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही, कारण गडग्यापलीकडे वाट आहे आणि त्या वाटेने शाळेतली मुलं येतात.

उंदराला जागच्या जागी मारायचं तर छर्रा त्याच्या मेंदूत किंवा काळजात बसावा लागतो, आणि ती जागा नाण्याहून मोठी नसते. म्हणजे माझ्या हातात, त्या बंदुकीने, पंचवीस मीटरवरून मारणं हे जखमी करणंच होतं. चांगल्या बंदुकीचं अंतर थोडं वाढतं. पण ज्याचा त्याने कागदावर नेम धरून आपलं अंतर आधी ठरवावं आणि त्याच्यापुढे चापाला बोट लावू नये. दहा मीटर रायफलच्या स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये त्याच प्रकारात जगज्जेता झाला. पण ते लक्ष्य हलत नाही, उजेड ठरलेला असतो आणि चुकलं तर फक्त गुण जातो.

दुसऱ्या बाजूने, जो छर्रा चाळीस मीटरवर उंदीर धड मारू शकत नाही तो शेकडो मीटर उडत जाऊ शकतो आणि वाटेत आलेला डोळा फोडू शकतो. म्हणून नेम धरण्याआधी बघायचं ते जनावराच्या मागे. मागे मातीचा बांध, वाळूची पोती, पेंढ्याची उडवी असेल तर छर्रा तिथे रुततो. जांभा, पत्रा, सिमेंट, विहिरीचा कठडा किंवा पाणी असेल तर उसळतो. मागे नुसतं आभाळ असेल, म्हणजे झाडावर नेम धरला असेल, तर तो कुठे पडेल हे मारणाऱ्यालाही सांगता येणार नाही. आपल्या हलगर्जीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात आला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ लागतं, आणि तिथे बंदूक बिनपरवाना चालते हा बचाव कामाला येत नाही.

मग इंग्लंडमध्ये खारी मारलेल्या कशा चालतात?

ती खार तिथली नाही. करडी खार मूळची उत्तर अमेरिकेतली. १८७६ मध्ये चेशर परगण्यात ती हौसेने आणून सोडली आणि पुढे ती देशभर पसरली. तिच्या अंगावर एक विषाणू असतो, त्याने तिला काही होत नाही, पण तिथली मूळची तांबडी खार त्या रोगाने मरते. शिवाय करडी खार बीच आणि ओकच्या तरण्या झाडांची साल सोलते. त्यामुळे तिथे करड्या खारीला मारण्याला कायद्याची आडकाठी नाही. उलट पिंजऱ्यात धरलेली करडी खार परत मोकळी सोडणं बेकायदा आहे.

पक्ष्यांचं तसं नाही. रानकबुतरं तिथे मोहरीवर्गी पिकाचा फडशा पाडतात, तरी १९८१ च्या कायद्याने सगळे रानपक्षी संरक्षित आहेत आणि अपवाद फक्त 'जनरल लायसन्स' नावाच्या सरकारी सवलतीतून मिळतो. कुठला पक्षी, कशासाठी, कुठल्या अटींवर हे त्यात लिहिलेलं असतं. बुजगावणं, जाळी, आवाज असे बिनहत्येचे उपाय आधी करून पाहणं ही त्यातलीच एक अट. 'वाइल्ड जस्टिस' या संस्थेने या सवलतींना कायदेशीर आव्हान दिलं आणि एप्रिल २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये त्यातल्या तीन तडकाफडकी रद्द झाल्या. ऐन हंगामात शेतकरी हवालदिल झाले, मग नव्या अटींसह नव्या सवलती निघाल्या. तिथलाही शेतकरी रागावलेलाच असतो. फक्त कोणावर नेम धरायचा हे त्याचा राग ठरवत नाही.

आता आपलं शेकरू पाहा. तेही खारीच्याच कुळातलं, तेही नारळ पोखरतं, आणि त्याचा उपद्रव काही खोटा नाही. पण ते इथलंच आहे, सह्याद्रीतलं, आणि महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, त्याचं नाव आहे. त्याला मारलं तर किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं तुरुंगवास आणि किमान २५ हजार रुपये दंड. व्हिडिओ बघून माडावरच्या शेकरूवर नेम धरणारा पोरगा आपण खार मारतोय असं समजत असतो.

"पण हे प्राणी उपद्रवी आहेतच की!"

आहेतच. पण 'उपद्रवी' हा शब्द कायद्यात आणि आपल्या बोलण्यात एकाच अर्थाने येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पूर्वी पाचवी अनुसूची होती. कावळा, फळं खाणारी वटवाघळं, उंदीर हे तिच्यात उपद्रवी म्हणून नोंदवलेले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली आणि १ एप्रिल २०२३ पासून नवी रचना आली. आता एखादा प्राणी उपद्रवी ठरवायचा तर केंद्र सरकारला तशी अधिसूचना काढावी लागते, ठरावीक भागापुरती आणि ठरावीक मुदतीपुरती. २०१५-१६ मध्ये बिहारात नीलगाय, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचलात माकड यांच्यासाठी तशा अधिसूचना निघाल्या होत्या. दुसरी वाट कलम ११ ची. एखादा प्राणी माणसाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक झाला असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी कारणं देऊन परवानगी देऊ शकतो. रानडुकरासाठी शेतकरी अर्ज करतात तो याच वाटेने.

कोकणात अनेकांकडे शेतीसंरक्षणाचा बंदूक परवाना आहे. तो बंदुकीचा परवाना आहे. रानातलं जनावर मारायची मोकळीक त्यात नाही.

आणि परवानगी मिळालीच, तरी रानडुकरावर छर्रा मारायचा विचारही मनात आणू नका. मघाचा आकडा आठवा. ज्याची कातडी जाड, खाली चरबीचा थर, त्याला हा छर्रा मारत नाही. तो आत अडकतो, जखम चिघळते आणि ते पिसाळलेलं जनावर सकाळी कोणाच्या तरी वाटेत उभं राहतं.

"मारायचं नाही हो, नुसतं घाबरवायला"

गावात हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलंय. आधी कायद्याचं सांगतो. वन्यजीव कायद्यात शिकार या शब्दाच्या व्याख्येत जखमी करणंही येतं आणि मारण्याचा नुसता प्रयत्नही येतो. शेपटीवर मारला, पायावर मारला, हे सांगून सुटका नाही.

आता कायदा बाजूला ठेवू. चार वर्षांपूर्वी आमच्या बागेत एक वानरी येऊ लागली. टोळीपासून जरा लांब बसायची. डाव्या गालाखाली लिंबाएवढी सूज. आंबा उचलायची, तोंडाशी न्यायची, दातात धरायची आणि तसाच सोडून द्यायची. खाली आंब्यांवर एकेकच दाताची खूण असायची. पोटाला पिल्लू होतं. पंधरा दिवसांनी ती आमच्या पाणंदीत मेलेली सापडली, पिल्लू तोवर टोळीतल्या दुसऱ्या मादीपाशी गेलेलं. वनखात्याची माणसं पंचनाम्याला आली. जबड्यात मिळालेला शिशाचा छर्रा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. चपटा झालेला, हरभऱ्याच्या डाळीएवढा. ज्याने मारला असेल त्याला वाटलं असेल, पळाली, काम झालं.

आणि टोळी? ती दुसऱ्या दिवशीही आली. छर्रा ज्याला लागतो त्याला दुखतं, बाकीच्यांना काय झालं ते कळत नाही. मोठा आवाज सगळ्यांना एकदम कळतो, एअरगनला तेवढा आवाजच नसतो. म्हणजे घाबरवायचं साधन म्हणूनही ती कुचकामी आहे.

अरुणाचल प्रदेशात मार्च २०२१ मध्ये लोकांनी स्वतःहून एअरगन सरकारजमा करण्याची मोहीम सुरू झाली. दोन हजारांहून जास्त बंदुका लोकांनी आणून दिल्या. तिथे रानातले पक्षी याच बंदुकीने कमी होत चालले होते. एवढीशी, बिनपरवाना, पोराच्या हाती दिलेली बंदूक अख्खं रान मुकं करू शकते.

मग शेतकऱ्याने करायचं काय?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तसा तो विचारायलाच हवा. वानरांवर आज एकही उपाय असा नाही की केला आणि सुटलो. सौर कुंपण डुकराला बऱ्यापैकी अडवतं, वानर फांदीवरून उडी मारून आत येतं. कुंपणाजवळची झाडं छाटली तर फरक पडतो. माणसाची राखण आणि कुत्रा हा जुना उपाय अजून सगळ्यात चांगला, पण राखणीला माणूस मिळत नाही हेच तर दुखणं आहे. हिमाचलात २००६-०७ पासून माकडांची नसबंदी होते. तो लांब पल्ल्याचा उपाय आहे आणि तो सरकारनेच करायचा, एकट्या बागायतदाराचं ते काम नव्हे.

नुकसानभरपाईचा अर्ज मात्र सोडू नका. रक्कम तोकडी वाटते म्हणून निम्मे लोक अर्जच करत नाहीत, आणि मग सरकारदरबारी नुकसानीची नोंदच राहत नाही. नुकसान दिसलं त्याच दिवशी फोटो काढा आणि लगेच वनखात्याकडे तक्रार द्या. नसबंदीची असो की कलम ११ ची, कुठलीही मागणी या नोंदींवरच उभी राहते. कुंपणात विजेच्या खांबावरून थेट करंट मात्र कधीही सोडू नका. त्याने दरवर्षी माणसं मरतात.

आणि उंदीर?

इथे एअरगनला थोडी जागा आहे, थोडीच. इंग्लंडात शेतकरी उंदरांसाठी नेमबाज बोलावतात त्याचं एक कारण विष. विष खाल्लेला उंदीर घुबड खातं आणि ते विष घुबडात साठतं. बंद कोठारात, जवळच्या अंतरावरून, नेमका मारलेला छर्रा त्या मानाने स्वच्छ.

पण उंदीर तीन आठवड्यांत वितो, एका वेळी सहा-आठ पिल्लं, आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः विऊ लागतात. रात्री पाच मारलेत तरी बिळात दहा तयार होत असतात. कौल फुटलेलं असताना खाली टोपं ठेवून पाऊस अडवण्यासारखं आहे हे. आधी कौल बदला: धान्य पत्र्याच्या कणगीत, कणगी जमिनीपासून वर, दाराखालची फट बंद, पेंढा भिंतीपासून सुटा, सांडलेलं धान्य रोज गोळा. आमच्या कोठारात एवढ्यानेच पिंजऱ्यात सापडणारे उंदीर एका पावसाळ्यात निम्म्यावर आले. मुंबई महापालिकेची उंदीर मारणारी रात्रपाळीची माणसं आजही बॅटरी आणि काठी घेऊन निघतात, रात्रीला ३० उंदरांचं लक्ष्य घेऊन. बंदूक त्यांनाही लागत नाही.

शिवाय बाहेर माळावर दिसलेला उंदीर हा कोठारातलाच असेल असं धरून चालू नका. सिंहगडाच्या पठारावर कोंडाणा उंदीर राहतो, तो अस्तित्वाच्या धोक्यात असलेला प्राणी आहे. म्हणून कोठाराच्या चार भिंतींबाहेर नेम धरायचा नाही, हे मी पुतण्याला पहिल्याच दिवशी सांगितलं.

आत मारायचं ठरलंच तर मागे मातीने भरलेली पोती रचून घ्या आणि उंदीर त्या पोत्यांपुढे येईल असं खाणं ठेवा. दार बंद करा, घरातल्या सगळ्यांना सांगा, डोळ्यांवर चष्मा चढवा. उंदीर थांबलेला असेल, पूर्ण दिसत असेल आणि ठरवलेल्या अंतरात असेल तरच चाप. लागून पळाला तर पुढचा सोडून आधी तो शोधा. छर्रे ओठात धरायची अनेकांना सवय असते, ती मोडा, ते शिसं आहे. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही, कारण लेप्टोचा ताप त्याच्या मुतातून येतो. उकिरड्यावरही टाकू नका. मांजर किंवा गव्हाणी घुबड तो छऱ्यासकट खाईल. हातमोजे घालून हातभर खोल पुरा, साबणाने हात धुवा, आणि बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघून कपाटात कुलूपबंद करा. छर्रे मोजून दुसऱ्या कपाटात ठेवा आणि त्याची किल्ली स्वतःपाशी.